आंबोलीचा घाट

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून निघून सावंतवाडीमार्गे बेळगावला जाणारा जुना हमरस्ता आहे. या रस्त्याने प्रवास करणाऱ्यास काही तासांच्या अवधीत तीन अगदी निरनिराळे प्रदेश पाहावयास मिळतात. प्रारंभी माडांची बने, लाल मातीची कुंपणे आणि खाऱ्या वाऱ्याचा दमटपणा असतो. सावंतवाडी मागे पडली, की काजू-आंब्यांच्या बागा आणि भाताची खाचरे यांतून रस्ता पूर्वेकडे वळतो, आणि समोर आकाशाला टेकलेली सह्याद्रीची निळी भिंत उभी राहते. दाणोली गावापाशी रस्ता या भिंतीच्या पायथ्याला भिडतो. तेथून पुढे जी चढण लागते तिला आंबोलीचा घाट म्हणतात. पायथ्याच्या पारपोली गावावरून जुनी माणसे आणि जुने कागद त्याला पारपोलीचा घाट असे म्हणत आले आहेत. घाटमाथ्यावरचे आंबोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले आहे. समुद्र तेथून सरळ रेषेत मोजला तर अवघा ४० किलोमीटरांच्या आसपास आहे. आकाश निवळ असेल त्या दिवशी माथ्यावरच्या कड्यावरून त्याची चंदेरी रेघ स्पष्ट दिसते.

मराठीत ‘घाट’ या शब्दाने डोंगर ओलांडण्याची वाट दाखविली जाते. सह्याद्री कोकण आणि देश यांच्यामध्ये आडवा पडलेला असल्यामुळे दोन्हींकडच्या माणसांना परस्परांकडे जाण्यासाठी अशा वाटा शोधाव्याच लागल्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आजही आहेत. आंबोलीच्या दक्षिणेला रामघाट नावाची अशीच एक जुनी वाट आहे. वेंगुर्ले आणि बेळगाव यांमधील मालाची व माणसांची ये-जा पूर्वी मुख्यतः तिनेच होत असे. वेंगुर्ले हे त्या काळी लहानसहान ठिकाण नव्हते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तेथे आपली वखार घातली होती. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि आमसूल वर जाई. देशावरून धान्य, गूळ, मिरची आणि कापूस खाली उतरे. रामघाटाची चढण मात्र फार खडी होती. लादलेल्या बैलांच्या तांड्याला ती कशीबशी जमे, परंतु भरलेली गाडी चढविणे म्हणजे जनावरांचा छळच होता.

१८१२ साली वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८१८ मध्ये बेळगावचा किल्लाही त्यांनी घेतला. बेळगावात त्यांनी मोठी लष्करी छावणी उभारली. या छावणीला लागणारे सैनिक, तोफा, दारूगोळा आणि सामानसुमान समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरवून डोंगरावर न्यावे लागे. त्यासाठी गाडीला सोयीचा असा नवा रस्ता हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या बाजूने तो काढण्यात आला. वाहतूक या नव्या घाटाने होऊ लागली आणि रामघाट ओस पडत गेला.

डोंगरावर रस्ता चढवावयाचा म्हणजे काय करावयाचे असते, हे समजून घेण्यासारखे आहे. पायथा आणि माथा या दोहोंना सरळ रेषेने जोडले, तर अंतर कमी होईल हे खरे. परंतु तो रस्ता न राहता शिडी होईल. भरलेली बैलगाडी ज्या चढणीवरून न थांबता जाऊ शकते, ती साधारणतः वीस मीटर चालल्यावर एक मीटर उंची गाठणारी असावी लागते. याहून चढ अधिक झाला, की बैल अडखळतात, गाडी मागे सरू लागते आणि गाडीवानाला धावत जाऊन चाकामागे दगड लावावा लागतो. सहाशे मीटर उंची या हिशेबाने चढावयाची, तर बारा किलोमीटर लांबीचा रस्ता हवा. डोंगराच्या उतारावर एवढी लांबी सरळ मिळणे शक्य नसते. म्हणून रस्त्याला उताराच्या अंगाने कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे झोके घेत वर जावे लागते. वाटेत जेथे ओढ्याची घळ येते तेथे तो आत शिरतो. जेथे डोंगराची सोंड पुढे आलेली असते तेथे तिला वळसा घालून बाहेर पडतो. आणि जेथे पुढे जाण्यास जागाच उरत नाही, तेथे तो केसाच्या आकड्यासारखा उलटा वळतो व आपल्याच डोक्यावरून माघारी येतो. घाटातील नागमोडी वळणे पाहून प्रवाशाला ती शोभेसाठी काढली आहेत असे वाटेल. वस्तुतः त्यांतील प्रत्येक वळणामागे बैलाच्या दमाचा हिशेब आहे. मोटारगाड्या आल्या तेव्हा त्यांनाही हाच रस्ता उपयोगी पडला. घाट आखणाऱ्या अभियंत्याचा खरा परीक्षक बैल होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या कामासाठी बाहेरून यंत्रे आलेली नव्हती. पहार, कुदळ, घमेले आणि सुरुंगाची दारू एवढ्याच साधनांवर डोंगर फोडण्यात आला. डोंगराची एक बाजू कोरावयाची, निघालेला दगड दुसऱ्या बाजूला रचून दरीकडे भिंत बांधावयाची आणि या दोहोंच्या मध्ये रस्त्याची पट्टी तयार करावयाची, अशी ही रीत. त्या भिंतींचे घडीव चिरे काही ठिकाणी अजून शेवाळाखाली दिसतात. ते रचणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत.

या रस्त्याचे वैभव फार काळ टिकले नाही. १८८८ साली मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून येणारा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा देशावरचा माल त्या मार्गाने जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावरील गलबतांची गर्दी ओसरली. परंतु व्यापाराने पाठ फिरविली म्हणून घाट ओस पडला नाही, कारण त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे तेथेच होती. आंबोली, चौकुळ आणि गेळे ही गावे घाटमाथ्यावर असली, तरी ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात मोडतात. तालुक्याची कचेरी, न्यायालय, मोठा दवाखाना ही सारी घाटाच्या पायथ्यापलीकडे, सुमारे ३० किलोमीटरांवर. जमिनीचा उतारा हवा असला तरी घाट उतरावयाचा आणि मध्यरात्री बाळंतीण अडली तरीही घाटच उतरावयाचा. चौकुळ गावातून पिढ्यान् पिढ्या तरुण सैन्यात जात आले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे कित्येक घरांतील मुलगा पहिल्यांदा गाव सोडतो तो याच रस्त्याने. कोकणच्या बाजारांत येणारी घाटमाथ्यावरची भाजी आणि बेळगावकडचा माल आजही याच वळणांवरून रात्रीच्या वेळी खाली उतरत असतो.

आता या घाटाच्या खऱ्या स्वामीकडे वळावयास हवे. तो स्वामी म्हणजे पाऊस. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या मोजक्या स्थळांमध्ये आंबोलीची गणना होते. येथे वर्षाकाठी सरासरी ७०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. किनाऱ्यावरील वेंगुर्ल्याला याच्या निम्म्यानेही पडत नाही आणि घाटापलीकडच्या बेळगावात तर याचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा पडतो. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक का पडावा? जून महिन्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन येतात. कोकणच्या सपाट पट्टीवरून ते बरेचसे तसेच पुढे सरकतात. परंतु सह्याद्रीची भिंत आडवी आली, की त्यांना वर चढल्यावाचून गत्यंतर नसते. हवा वर चढली म्हणजे पसरते आणि पसरली म्हणजे थंड होते. बाष्पाने भरलेली हवा दर हजार मीटरांमागे सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने गार पडते. थंड हवेला पूर्वीएवढे बाष्प पोटात ठेवता येत नाही. जास्तीचे बाष्प धुक्याच्या, ढगांच्या आणि शेवटी धारांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ज्या कड्यांनी वाऱ्याला वर चढावयास लावले त्यांच्यावरच ते मोकळे होते. माथा ओलांडून वारा पलीकडे उतरू लागला, की तो पुन्हा उबदार होतो. त्याच्यापाशी देण्यासारखे फारसे उरलेलेही नसते.

आषाढात घाटाचे रूप काही निराळेच असते. प्रत्येक घळीतून पाणी कोसळत असते. ज्या कड्यावर मे महिन्यात वाळलेले गवत हलत होते तेथून दहा-वीस शुभ्र धारा लोंबू लागतात. त्यांतील मोठा धबधबा तर अगदी रस्त्याच्या कडेलाच पडतो आणि त्याचे तुषार जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांवर उडतात. इतक्यात दरीतून धुके वर येते आणि दहा पावलांपलीकडचे झाडही दिसेनासे होते. अशा वेळी जाणते चालक भर दुपारी दिवे लावतात, प्रत्येक वळणाआधी भोंगा वाजवितात आणि चढून येणाऱ्या वाहनाला प्रथम वाट देतात. चढणीवर थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे अवघड असते. उतरणाऱ्या गाडीला थांबणे त्यामानाने सोपे. उतरताना ते गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावरच तिचा वेग आवरतात. केवळ ब्रेक दाबून उतरणाऱ्याचे ब्रेक काही किलोमीटरांतच तापून निकामी होण्याचा संभव असतो.

आंबोलीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची पुढची कथा मोठी मौजेची आहे. एकाच ढगातून दोन थेंब शेजारी शेजारी पडले आणि त्यांपैकी एक कड्याच्या पश्चिमेकडे घरंगळला, तर तो ओढ्याओढ्याने तेरेखोल नदीला मिळतो आणि थोड्याच प्रवासानंतर अरबी समुद्रात पोहोचतो. दुसरा पूर्वेकडे वळला, तर त्याला समुद्र गाठण्यासाठी सारे द्वीपकल्प ओलांडावे लागते. आंबोली गावाजवळ एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. तेथे देवीचे मंदिर आणि पाण्याचे कुंड आहे. ही नदी आजरा व गडहिंग्लज या गावांवरून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कुंडातील नितळ पाण्यात सोनेरी झाक असलेला एक लहानसा मासा पिढ्यान् पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर पोहत होता. तो शास्त्राला अज्ञात असलेल्या जातीचा आहे, असे २०२० साली सिद्ध झाले आणि नदीच्याच नावावरून त्याला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ते उगमस्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. देवाच्या कुंडातील मासे धरू नयेत, हा गावाचा जुना संकेत शासनाच्या आदेशाच्या कितीतरी आधीपासून त्यांचे रक्षण करीत आला होता.

घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेले अरण्य पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखे नाही. खाली ऐन, किंजळ यांसारखे पानझडी वृक्ष अधिक. ते उन्हाळ्यात आपला भार उतरवून मोकळे होतात. जसजसे वर जावे तसतशी जांभूळ, अंजनी, हिरडा अशा वृक्षांची दाटी वाढते आणि सदाहरित वनाची गर्द सावली रस्त्यावर पडू लागते. वैशाखात अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात, तेव्हा त्या झाडावर कोणी रंग शिंपडला आहे की काय असे वाटते. उतारांवर कारवीची झुडपे माजलेली असतात. ती सात-आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलतात आणि मग वाळून जातात. खोडांवर शेवाळ आणि शेवाळावर नेचे व आमरी वाढतात. थोडीही जागा रिकामी राहू नये असा जणू या वनाचा निश्चयच आहे.

येथे गवे आहेत, बिबटे आहेत, अस्वले आहेत. गव्यांचा कळप संध्याकाळी रस्ता ओलांडताना दिसणे हा प्रसंग येथे दुर्मीळ नाही. तथापि आंबोलीची कीर्ती प्राणिशास्त्रज्ञांमध्ये पसरली ती या मोठ्या जनावरांमुळे नव्हे. ती पसरली बेडकांमुळे! हिरव्या रंगाचा आणि पायांच्या बोटांमध्ये तांबूस पडदे असलेला एक बेडूक येथे झाडांवर राहतो. हे पडदे छत्रीसारखे पसरून तो उंच फांदीवरून तरंगत खाली उतरतो. पावसाळ्याच्या आरंभी त्याची मादी डबक्यावर ओणवलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करते आणि त्यात अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिले पाऊस पडला की फेस विरघळून थेट खालच्या पाण्यात पडतात. मातीच्या पोटात राहणारा, पाय नसलेला आणि गांडुळासारखाच दिसणारा देवगांडूळ हाही बेडकांच्याच नात्यातला प्राणी येथे आढळतो.

परंतु या सर्वांत अधिक मोलाचा म्हणावा असा प्राणी आहे तो दिसावयास अगदी साधा. त्याला आंबोली टोड म्हणतात. अंगठ्याएवढा, तपकिरी रंगाचा आणि कुशीवर वाघासारखे पिवळसर पट्टे असलेला हा भेक २००९ साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाला. आंबोलीच्या परिसरातील थोड्याशा क्षेत्राबाहेर तो कोठेही आढळत नाही. घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे जे उघडे सडे आहेत, त्यांच्यातील खळग्यांत पावसाच्या पहिल्या सरींचे पाणी साचते. ओंजळभर खोलीच्या त्या उथळ पाण्यातच हा भेक अंडी घालतो. पाऊस मध्येच उघडला आणि खळगा आटला, तर त्या वर्षीची पिले गेली. सरी वेळेवर आल्या, तर काही आठवड्यांत शेपट्या गळलेली इवलीशी पिले सड्यावरून उड्या मारीत गवतात शिरतात. अशा या प्राण्याला घराकडून पाण्याकडे जाताना कित्येक ठिकाणी डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. तो बाहेर पडतो रात्री, तेही पाऊस पडत असता. म्हणजे चालकाला रस्ता सर्वांत कमी दिसतो त्याच वेळी. पावसाळ्यातील रात्री उलटल्यावर सकाळी या रस्त्यावर चिरडलेले बेडूक आणि साप पाहावयास मिळतात. गव्यासाठी मनुष्य थांबतो, कारण गव्याला धडकले तर मनुष्याचेही नुकसान होते. बेडकासाठी थांबण्यास दुसरे कारण लागते.

रस्ता अरण्याला आणखी एका प्रकारे तोडतो. शेकरू ही मोठी तांबूस खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर उडी घेत तिचे सारे आयुष्य जाते. रस्ता अरुंद असेल, तर दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भेटतात आणि शेकरूला त्याखाली रस्ता आहे याची जाणीवही होत नाही. तोच रस्ता रुंद केला आणि कडेची झाडे तोडली, की वरचे छत फाटते. आणि शेकरूच्या दृष्टीने एका वनाची दोन वने होतात. वानरांचे उलट झाले आहे. प्रवासी गाडी थांबवून त्यांना बिस्किटे व शेंगदाणे टाकतात, म्हणून ती अरण्य सोडून रस्त्याच्या कठड्यावर येऊन बसतात. त्यांच्या पिलांना फळझाडे शोधण्यापेक्षा गाड्यांची वाट पाहणे सोपे वाटू लागते, आणि एखादे पिलू चाकाखाली सापडते तेव्हा खाऊ देणारा दूर निघून गेलेला असतो.

रस्ता रुंद करावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र केवळ झाडांच्या बाजूने देऊन चालणार नाही. पहाटे भाजीचा ट्रक घेऊन उतरणारा चालक, रुग्णवाहिकेत आईला घेऊन बसलेला मुलगा, सावंतवाडीच्या महाविद्यालयात जाणारी आंबोलीची मुलगी या सर्वांना निर्धोक रस्ता हवा आहे, आणि ती मागणी रास्त आहे. अडचण अशी, की या डोंगरात रुंद रस्ता अधिक निर्धोक असतोच असे नाही. ते कसे, हे डोंगराच्या घडणीकडे पाहिल्यावाचून कळणार नाही.

माथ्यावर जांभा दगडाचा जाड थर आहे. तो सच्छिद्र असल्याने पाऊस त्यात मुरतो. जांभ्याखाली चिकणमातीसारखा मऊ थर असतो व त्यातून पाणी सहजासहजी खाली जात नाही. तेव्हा मुरलेले पाणी या दोन थरांच्या सांध्यातून आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नुसता मऊ थर भिजला, तरी तो निसरडा होतो; आणि वरचे वजन पेलवेनासे झाले म्हणजे माती, दगड आणि झाडे यांसह उताराचा एखादा तुकडा घसरून खाली येतो. यालाच दरड कोसळणे म्हणतात. झाडांची मुळे मातीला जाळ्यासारखी धरून ठेवतात आणि डोंगराचा पायथा वरच्या भागाला आधार देतो. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराची बाजू खणली, म्हणजे हा खालचा आधारच काढून घेतला जातो. आणि झाडे तोडली, म्हणजे मुळांचे जाळेही जाते. मग त्या जागी जाड भिंत बांधावी लागते. तीही नुसती जाड असून भागत नाही. तिच्या मागे साठणारे पाणी बाहेर पडावे म्हणून तिच्यात ठिकठिकाणी भोके ठेवावी लागतात. ही भोके बुजली, तर पाण्याच्या दाबाने दोन-दोन मीटर रुंदीची भिंतदेखील फुगून कोसळते.

यावरून असे दिसेल, की घाट सुरक्षित ठेवण्याची किल्ली सिमेंटात जितकी आहे तितकीच पाण्याला वाट देण्यात आहे. डोंगराच्या बाजूने गटार असावे, प्रत्येक घळीवर पुरेशी मोठी मोरी असावी, रस्त्याची पाठ एका अंगाला किंचित कललेली असावी, आणि हे सर्व पावसाळ्याच्या आधी साफ असावे. एरवी क्षुल्लक वाटणारा पालापाचोळा मोरीच्या तोंडाशी अडकला, की ओढा मोरी सोडून रस्त्यावरून वाहू लागतो, डांबर उखडतो आणि दरीकडची कड पोखरतो. पर्यटक टाकून देतात त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या या कामी पाचोळ्यापेक्षाही पटाईत आहेत, कारण पाचोळा कुजतो आणि त्या कुजत नाहीत. मे महिन्याच्या कडक उन्हात फावडे-घमेले घेऊन ही गटारे उपसणारे मैलकुली प्रवाशांच्या नजरेत सहसा भरत नाहीत. दरड कोसळली तर तिची छायाचित्रे छापली जातात. मोरी वेळेवर साफ केल्यामुळे जी दरड कोसळली नाही तिची बातमी कोण देणार?

दरड खरोखरीच कोसळली म्हणजे घाट काही तास, कधी काही दिवसही बंद राहतो. तेव्हा आंबोलीच्या माणसाला आपल्याच तालुक्याच्या गावी जाण्यासाठी दुसऱ्या एखाद्या घाटाने मोठा वळसा घालावा लागतो. दूध, भाजी, औषधे आणि टपाल सर्वच खोळंबते. अशा प्रसंगी यंत्रे येण्याआधी गावातील माणसेच कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन धावतात, पडलेले झाड तोडून निदान पायी जाण्यापुरती वाट करतात आणि अडकलेल्या प्रवाशांना घरात आसरा देतात.

आंबोली व दोडामार्ग या परिसरातील वनाला आज संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे. उत्तरेकडचे कोयनेचे अरण्य आणि दक्षिणेकडे गोवा-कर्नाटकातील अरण्ये यांना जोडणारा हा पट्टा असून, वाघासारख्या दूर दूर भटकणाऱ्या प्राण्याला या दोन प्रदेशांमध्ये ये-जा करण्यासाठी तो उपयोगी पडतो. माणसांनी सह्याद्री ओलांडण्यासाठी पूर्व-पश्चिम वाट काढली आणि वाघाची वाट आहे दक्षिणोत्तर. आंबोलीच्या परिसरात या दोन वाटा एकमेकींना छेदतात. रात्री वाहने सावकाश चालविणे, वन्यप्राण्यांच्या नेहमीच्या वाटा जेथे रस्ता ओलांडतात तेथे मोऱ्या मोठ्या ठेवणे, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांचे छत शक्य तेथे अखंड राखणे हे उपाय दिसावयास लहान आहेत, परंतु त्यांना डोंगर खणावा लागत नाही.

आंबोली गाव सोडल्यावर काही अंतराने रस्त्याला फाटा फुटतो. एक शाखा आजऱ्यावरून गडहिंग्लज-संकेश्वरकडे जाते व दुसरी बेळगावची वाट धरते. बेळगावच्या वाटेवर नांगरतास नावाचा धबधबा आहे. एरवी धबधबा वर मान करून पाहावयाचा असतो. हा मात्र खाली वाकून पाहावा लागतो. सपाट जमिनीला एकाएकी खोल, अरुंद चीर पडलेली आहे आणि नांगराच्या तासासारख्या त्या चिरेत सारे पाणी गर्जत उडी घेते. तेथून पुढे झाडे विरळ होत जातात. माथ्यावर धुवाधार कोसळणारा पाऊस थोड्याच किलोमीटरांत रिमझिमीवर येतो. भाताची खाचरे, मग काजूच्या बागा, मग उसाचे मळे दिसू लागतात. रस्ता रुंद आणि सरळ होतो, ओली छत्री मिटली जाते, आणि चालक दुपारपासून लावलेले दिवे मालवून गाडीचा वेग वाढवितो.